छोट्या कुत्र्याच्या हिरड्यांतली खोल पॉकेटं: कुठला दात ठेवायचा, कुठला काढायचा?

रानवाट

पॉमेरेनियन मादी, वय ९ वर्षं, वजन ४.२ किलो. तोंडाला घाण वास, अधूनमधून शिंका, डाव्या नाकपुडीतून चिकट स्राव. खाणंपिणं व्यवस्थित. छातीत डावीकडे हृदयाचा २/६ चा मर्मर (ठोक्यांबरोबरचा जास्तीचा आवाज, सहापैकी दुसऱ्या पायरीचा) ऐकू येतो. रक्त आणि लघवीच्या तपासण्या ठीक आहेत. पहिल्या भुलीत स्केलिंग (किटण काढणं), सगळ्या दातांचं प्रोबिंग (दात आणि हिरडी यांमधल्या फटीची, म्हणजे पॉकेटची, खोली सळईने मोजणं) आणि पूर्ण तोंडाचे एक्स-रे एवढंच उरकलं, कारण वेळ वाढत चालला होता आणि अंगाचं तापमान उतरत होतं. उरलेलं काम तीन आठवड्यांनी करायचं आहे.

ट्रायडन क्रमांकांनुसार (पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी कुठला, पुढचे दोन त्यातला कितवा दात) पॉकेटच्या खोलीच्या नोंदी:

३०१, ४०१ (खालचे अगदी पुढचे मधले दात): आडवे हलतात आणि खाली-वरही हलतात.
२०४ (वरचा डावा सुळा): टाळूच्या बाजूला ८ मिमी, बाकी सगळीकडे २ मिमी. दात अजिबात हलत नाही. एक्स-रेत विशेष काही दिसत नाही.
३०९ (खालची डावी मुख्य दाढ): मागच्या मुळाला ६ मिमी, शिवाय हिरडी १ मिमी खाली सरकलेली. मुळांच्या बेचक्यात प्रोब निम्म्याच्या पुढे जातो, पण आरपार जात नाही.
१०८, २०८ (वरच्या दोन्ही बाजूंच्या चौथ्या उपदाढा): ४ मिमी, हिरडी लाल आणि सुजलेली. किटण सर्वात जास्त इथेच होतं.
बाकीच्या दातांना फक्त हिरडीचा दाह.

मालकांना शक्य तितके दात वाचवायचे आहेत. २०४ इतका घट्ट असताना काढायचा का? ३०९ वाचेल का? आणि आधी आठवडाभर अँटिबायोटिक देऊन दाह उतरवून घ्यावा का?

मूळपकड

पॉकेटचे मिलिमीटर पाहून निर्णय घेऊ नका, आधी त्याचे टक्के काढा. निरोगी कुत्र्यात प्रोब ३ मिमीपर्यंत आत जाणं स्वाभाविक धरतात. त्यापुढचा आकडा किती गंभीर, हे मूळ किती लांब आहे त्यावर ठरतं. मोठ्या कुत्र्याच्या लांब मुळाच्या सुळ्याला ६ मिमी गेले तरी पुष्कळ पकड शिल्लक असते. चार किलोच्या कुत्रीच्या दाढेला तेच ६ मिमी म्हणजे अर्ध्याहून जास्त मूळ उघडं पडलेलं असतं.

मोजायचं असं. शिखर (दाताचा हिरडीबाहेरचा भाग) आणि मूळ जिथे मिळतात, म्हणजे जिथे इनॅमल संपतं, तिथपासून पॉकेटच्या तळापर्यंत किती पकड सुटली ते हवं. हिरडी खाली सरकली असेल तर पॉकेटच्या खोलीत ते अंतर मिळवायचं. हिरडी सुजून वर चढली असेल तर चढलेला भाग वजा करायचा. तुमच्या ३०९ ला ६ अधिक १, म्हणजे ७ मिमी. आता एक्स-रेवर त्याच जागेपासून मुळाच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. समजा ११ मिमी आली, तर ७ भागिले ११, म्हणजे सुमारे ६४%. पकड २५% च्या आत सुटली असेल तर दुसरा टप्पा, २५ ते ५०% तिसरा, ५०% च्या वर चौथा. पहिल्या टप्प्यात फक्त हिरडीचा दाह असतो, पकड शाबूत असते. अनेक मुळांच्या दाताला बेचक्याची नोंदही टप्पा ठरवते: प्रोब निम्म्याच्या आत थांबला तर दुसरा, निम्म्यापलीकडे गेला तर तिसरा, आरपार गेला तर चौथा. बेचकं एक टप्पा सांगतं आणि मुळाची पकड दुसरा, असं झालं तर जो वाईट असेल तो धरा. म्हणजे ३०९ चं बेचकं तिसऱ्या टप्प्याचं दिसत असलं तरी मागचं मूळ बहुधा चौथ्यात आहे.

हाच हिशेब १०८ आणि २०८ ला उलट्या बाजूने लागू होतो. वरच्या चौथ्या उपदाढेसमोरच लाळेच्या मोठ्या ग्रंथीची नळी गालात उघडते, म्हणून किटण तिथे आधी आणि जास्त साठतं. हिरडी सुजलेली असेल तर ४ मिमीतला काही भाग नुसत्या सुजेचा असू शकतो. स्केलिंगनंतर तीन आठवड्यांनी पुन्हा प्रोब केल्यावर कित्येकदा हा आकडा ३ वर आलेला असतो. तो ४ च राहिला तर बंद पद्धतीचं, म्हणजे हिरडी न कापता केलेलं, रूट प्लेनिंग (मूळ खरवडून साफ करणं) पुरेल. क्युरेट (खरवडायचं हत्यार) पॉकेटच्या तळाशी नेऊन मुळावर टेकवायचा आणि उभ्या, आडव्या, तिरप्या अशा एकमेकांवरून जाणाऱ्या फटक्यांनी ओढायचा. प्रोब फिरवल्यावर खरखर लागली नाही की थांबायचं. जास्त खरवडून सिमेंटम (मुळावरचा कठीण थर) काढून टाकू नये. ५ मिमीपर्यंतची पॉकेटं अशी साफ करता येतात. त्यापलीकडे हाताला काही कळत नाही आणि अवजार तळापर्यंत नीट पोहोचत नाही, तिथे फ्लॅप (कापून उचललेली हिरडी) उघडूनच काम करावं लागतं. साफ झालेल्या ४-५ मिमीच्या पॉकेटमध्ये डॉक्सिसायक्लिनची जेल भरता येते, पण मूळ आधी स्वच्छ झालेलं असेल तरच तिचा उपयोग. किटणावर जेल भरणं म्हणजे औषध वाया घालवणं.

आता २०४. तो घट्ट आहे यावर जाऊ नका. सुळ्याचं मूळ शिखराहून लांब असतं आणि मागे वळत दुसऱ्या उपदाढेच्या वरपर्यंत जातं. त्यामुळे टाळूकडची भिंत पूर्ण गेली तरी बाकीच्या तीन बाजू त्याला घट्ट धरून ठेवतात. टाळूकडचं ते हाड या आकाराच्या कुत्रीत अगदी पातळ असतं आणि त्याच्यापलीकडे लगेच नाक. एक्स-रेत काही दिसत नाही हेही अपेक्षितच आहे, कारण तो खड्डा मुळाच्या सावलीत लपतो. इथे निदान प्रोबवरच होतं. एका बाजूची नाकपुडी, शिंका आणि ८ मिमी हे तिन्ही एकत्र आले आहेत, तेव्हा तोंड आणि नाक यांमध्ये भोक पडलं आहे असं धरूनच तयारी ठेवा. खात्रीसाठी श्वासनलिकेतल्या भुलीच्या नळीचा कफ (नळीभोवतीचा फुगा) फुगवलेला आणि डोकं उतारावर असताना बोथट सुईने त्या पॉकेटमध्ये थोडं कोमट सलाइन सोडा. ते डाव्या नाकपुडीतून आलं, किंवा प्रोब घातल्यावर नाकातून रक्त आलं, तर प्रश्न मिटला. दात काढायचा आणि भोक बुजवायचं.

भोक नसेल तर टाळूकडून फ्लॅप उघडून, मूळ साफ करून, खड्ड्यात हाडाचा भराव आणि वर पडदा घालून दात वाचवण्याचा मार्ग आहे. पण तो रोज ब्रश होणाऱ्या तोंडातच टिकतो, आणि हात बसलेल्या माणसाने केला तरच.

काढताना गालाकडून रुंद फ्लॅप घ्या. दोन्ही उभे छेद वर जाताना एकमेकांपासून लांब जाणारे असावेत, म्हणजे फ्लॅपचा पाया रुंद राहून रक्तपुरवठा टिकतो. गालाकडचं हाड मुळाच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत, गरज पडली तर थोडं पुढे, पाण्याच्या फवाऱ्याखाली बरने (फिरत्या कापणीच्या टोकाने) उतरवा. मग मुळाच्या दोन्ही कडांच्या फटीत एलिव्हेटर (दात सैल करायचं हत्यार) घालून फिरवा आणि १० ते २० सेकंद तसाच दाबून धरा. दात हाडाला धरून ठेवणारे धागे ताणून थकतात, हिसक्याने तुटत नाहीत. इथली सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे शिखर गालाकडे ओढणं. शिखर बाहेर गेलं की मुळाचं टोक आत नाकाकडे जातं आणि उरलेली पातळ भिंतही फोडतं. दात लांबीच्या रेषेत, हलक्या पिळाने बाहेर यायला हवा.

टाके उसवतात ते जवळजवळ नेहमी ताणामुळे. फ्लॅपच्या आतल्या बाजूचं पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) पायथ्याशी आडवं कापा. ते पांढुरकं, न ताणणारं असतं, आणि कापताच फ्लॅप एकदम सैल पडतो. फ्लॅप हात न लावता भोकावर पडून राहिला पाहिजे. चिमट्याने धरून ठेवावा लागत असेल तर अजून मोकळा करायला हवा. भोकाच्या टाळूकडच्या कडेवरची कातडी १-२ मिमी कापून कडा ताजी करा, नाहीतर दोन जुन्या कडा एकमेकींना चिकटत नाहीत. ४-० किंवा ५-० चा विरघळणारा एकपदरी धागा, कडेपासून २-३ मिमी आत, दोन टाक्यांत २-३ मिमी अंतर. आणि उघड्या खाचेत तीन-मार्गी (हवा-पाणी सोडणाऱ्या) सिरिंजची हवा कधीही मारू नका. हवा ऊतींत किंवा रक्तात शिरते.

३०९ बद्दल. पकड ५०% च्या आत सुटली असती तर मागची छोटी ३१० काढून ३०९ ची मागची बाजू मोकळी करा, फ्लॅप उघडून मूळ साफ करा आणि मुख्य दाढ ठेवा, असं म्हटलं असतं. ६४% वर ते बसत नाही. मागचं मूळ तेवढं काढून पुढच्या मुळाचं रूट कॅनाल करून निम्मी दाढ ठेवण्याची पद्धत आहे, पण ते दंततज्ज्ञाकडचं काम. तुमच्याकडे करायचं असेल तर पूर्ण दाढ काढा.

छोट्या जातींत या दाढेची मुळं जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचलेली असतात. हाड आधीच झिजलेलं असेल तर जबडा कागदी कडेवर उभा असतो, आणि दाढ काढताना तो मोडू शकतो. हे मालकांना आधी सांगा आणि संमतिपत्रात लिहून घ्या. बरने बेचक्यातून शिखराकडे जात दाढेचे दोन तुकडे करा. शिखराकडून खाली येऊ नका, बेचकं चुकतं. गालाकडचं हाड लागेल तेवढंच उतरवा. दुसरा हात सतत जबड्याखाली आधाराला असू द्या. एलिव्हेटर मुळाच्या दोन तुकड्यांमध्ये आडवा घालून जोर लावू नका, मुळाच्या कडेच्या फटीतूनच काम करा. टोक तुटलं तर आंधळेपणाने बर घालू नका, खाली नसेचा कालवा आहे. आधी एक्स-रे घ्या. शेवटी दोन्ही बाजूंनी एक्स-रे काढून मूळ पूर्ण आल्याची आणि हाड शाबूत असल्याची नोंद ठेवा.

३०१ आणि ४०१ खाली-वर हलतात म्हणजे काहीच धरून नाही. ते काढा.

कफ_आणि_कॅप्नो

भुलीपुरतं आणि औषधांपुरतं लिहितो.

आधी आठवडाभर अँटिबायोटिक नको. दातावरचा थर हा जिवाणूंचा बायोफिल्म असतो आणि रक्तातून आलेलं औषध त्यात पुरेसं शिरत नाही. वास आणि लाली चार दिवस कमी होते, मालकांना बरं वाटतं, आणि पॉकेट आहे तिथेच राहतं. थर हाताने काढणं हाच उपचार. हाडापर्यंत गेलेला संसर्ग, चेहऱ्यावरची सूज किंवा प्रतिकारशक्ती दबलेला रुग्ण असेल तर औषधाचा विचार वेगळा होतो. हृदयाच्या झडपेच्या वयोमानानुसार होणाऱ्या आजारापोटी, केवळ मर्मर आहे म्हणून, अँटिबायोटिकचं कवच द्यायची गरज नाही. पूर्वी हृदयाच्या अस्तराला संसर्ग झाला असेल किंवा महाधमनीखालचा जन्मजात अरुंदपणा असेल तर ते देण्याचा विचार करतात.

मर्मर असताना भूल देता येते, पण कशाचा मर्मर हे आधी कळायला हवं. या जातीत आणि वयात मायट्रल झडप गळत असण्याची शक्यता सर्वात जास्त. छातीचा एक्स-रे आणि इको करून हृदय वाढलंय का पाहा. वाढलं नसेल तर पुरेशी निगराणी ठेवून काम करता येतं, फक्त सलाइनचा वेग जपून.

तापमानाचं म्हणाल तर दंतकामात इतक्या छोट्या कुत्रीचं अंग झपाट्याने गार होतं, कारण स्केलरचं पाणी मानेखाली साचतं. डोकं थोडं उतारावर, मानेखालचा टॉवेल ओला होताच बदलायचा, गरम हवेचं पांघरूण भूल सुरू होताच घालायचं. गार झाल्यावर घालून उपयोग नाही. दर १० मिनिटांनी तापमान नोंदवा. सरासरी रक्तदाब ६० मिमी पाऱ्याच्या खाली जाऊ देऊ नका. कूस बदलताना नळी मशीनपासून सोडवा, नाहीतर पिळामुळे श्वासनलिका फाटते. घशात गॉज ठेवला तर त्याचं टोक दोऱ्याने बाहेर बांधा आणि भूल उतरवण्याआधी मोजून काढा. स्प्रिंगचा जबडा-विस्फारक तासभर लावून ठेवू नका.

जागेवरची बधिरता नक्की द्या. भुलीचा वायू बराच कमी लागतो आणि रक्तदाब सावरतो. ०.५% बुपिव्हाकेनमध्ये १ मिलीत ५ मिग्रॅ असतं. कुत्र्यात सगळ्या जागा मिळून २ मिग्रॅ प्रति किलो ही कमाल धरा. ४.२ किलोला ८.४ मिग्रॅ, म्हणजे जेमतेम १.६८ मिली. २०४ साठी डोळ्याखालच्या छिद्राशी आणि ३०९ साठी खालच्या जबड्याच्या आतल्या छिद्राशी प्रत्येकी ०.२ ते ०.३ मिली पुरतं. औषध सोडण्याआधी पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना हे दरवेळी पाहा.

नंतरच्या वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी ०.२ आणि पुढे ०.१ मिग्रॅ प्रति किलो, दिवसातून एकदा. अर्थात मूत्रपिंड ठीक असेल आणि रक्तदाब भुलीत नीट राहिला असेल तरच. घरातली माणसांची वेदनाशामकं, विशेषतः आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक, द्यायची नाहीत हे मालकांना तोंडी आणि लेखी दोन्ही सांगा.

तुरटी

दोन आठवणी. स्केलिंगनंतर सगळं तोंड शांत होऊन एकाच जागी हाड खात राहिलं असेल, हिरडी गाठाळ किंवा व्रणासारखी दिसत असेल, तर तो हिरडीचा रोग म्हणून सोडू नका. दात काढताना तिथला तुकडा बायोप्सीला द्या. मेलानोमा आणि स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हे दोन्ही कर्करोग हलणाऱ्या दाताच्या रूपात समोर येतात, आणि दात काढल्यावर खाच भरत नाही तेव्हा कुठे लक्षात येतात. आणि २०४ चं भोक बंद होऊनही नाक वाहत राहिलं तर नाकाची वेगळी तपासणी करा. एका नाकपुडीला गाठ, बुरशी किंवा अडकलेली वस्तू हीही कारणं असतात.

रोजचा_ब्रश

वरचं सगळं पटतं. माझ्या मते मात्र १०८ आणि २०८ चा निर्णय मालकांच्या हातात आहे, म्हणून भुलीच्या आधीच त्यांच्याशी स्पष्ट बोला. स्वच्छ केलेल्या दातावर प्लाकचा थर काही तासांत बसायला लागतो आणि दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला सुरुवात होते. म्हणून रोज ब्रश. आठवड्यातून एकदा घासलं तर ब्रश फक्त कडक झालेल्या किटणावरून फिरतो. रोज ब्रश होणार नसेल तर तिसऱ्या टप्प्यातले दात ‘वाचवणं’ म्हणजे दुखणं सहा महिने पुढे ढकलणं, आणि कुत्री ते बोलून दाखवत नाही. हिचं खाणंपिणं व्यवस्थित आहे, ही नोंदच पाहा. दुखत असलं तरी कुत्रं खातं. एका बाजूने चावतं, घास खाली पाडतं, खेळणं सोडून देतं, पण ताटली रिकामी करतं.

शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे मऊ अन्न, खेळणी आणि चघळणी बंद, टाक्यांच्या जागी ब्रश नाही. तिथे ०.१२% क्लोरहेक्सिडिन दिवसातून दोनदा. ते महिनोन्महिने चालू ठेवलं तर दात तपकिरी होतात, म्हणून ते ब्रशच्या बदल्यात कायमचं नको.

शिकवायचं टप्प्याटप्प्याने. हे पहिल्या भुलीनंतरच, दुखऱ्या जागा सोडून सुरू करता येईल. पहिला आठवडा फक्त ओठ उचलून बोटाने हिरडीला स्पर्श आणि लगेच आवडीचं काहीतरी. दुसरा आठवडा बोटावर कुत्र्यांची टूथपेस्ट. मग लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश. केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून लहान गोल फिरवायचे. तोंड उघडायची गरज नाही, गालाकडची बाजू महत्त्वाची, जिभेकडची बाजू जीभ बरीच पुसते. सुरुवात सुळ्यापासून करा आणि मागे जा, कारण पुढच्या छोट्या दातांना हात लावलेला बहुतेक कुत्र्यांना खपत नाही. एका बाजूला अर्धं मिनिट पुरे. माणसांची पेस्ट नको. ती कुत्रं गिळतं, फ्लोराइड पोटात जातं, आणि काहींत झायलिटॉल असतं, जे कुत्र्याची रक्तशर्करा कोसळवतं.

चघळण्याच्या वस्तू घ्यायच्या असतील तर व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहोर पाहून घ्या. अंगठ्याचं नख दाबून खूण उमटत नसेल तर वस्तू दाताहून कडक आहे असं समजा. हाडं, खूर, शिंगं यांनी हीच १०८-२०८ उभी चिरते. आणि भूल न देता किटण खरवडून घेण्याचा मोह मालकांना होतोच, त्यांना कारणासकट सांगा: जागं कुत्रं हिरडीखाली काहीही करू देत नाही. दात पांढरे दिसतात, रोग हिरडीखाली तसाच चालू राहतो, आणि पॉलिश न केलेल्या ओरखड्यांवर थर आणखी लवकर बसतो.

रानवाट

सगळ्यांचे आभार. ३०९ च्या मागच्या मुळाची लांबी मोजली, १०.५ मिमी आली. म्हणजे ६७%. काढायचं ठरलं. मालक ब्रश करायला तयार आहेत, आजपासून बोटाने सुरुवात करायला सांगितलं आहे. एकच उरलं: दाढ काढल्यावर जबडा नाजूक आहे, तर खाचेत हाडाचा भराव घालावा का?

मूळपकड

भरावाने त्या दिवशी जबड्याला ताकद येत नाही, ती यायला आठवडे जातात. संसर्ग झालेला मऊ ऊतक खाचेत राहिला तर भराव बाहेर पडतो आणि टाके घेऊन जातो. म्हणून आधी क्युरेटने खाच कडक हाड लागेपर्यंत साफ करा, सलाइनने धुवा, धारदार कडा बरने गुळगुळीत करा. एवढं नीट झालं आणि फ्लॅप ताणाशिवाय बसत असेल तर भराव घालायला हरकत नाही. नसेल बसत, तर रक्ताची गुठळी भरू द्या आणि वरून बंद करा, तीही हाड तयार करते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिले सहा आठवडे ओढाओढीचे खेळ पूर्ण बंद आणि अन्न मऊ. दोन आठवड्यांनी टाके पाहायला बोलवा. सहा आठवड्यांनी झोपेच्या हलक्या औषधाखाली त्या बाजूचा एक एक्स-रे घ्या, आणि तीन महिन्यांनी १०८-२०८ ची हिरडी पाहा. त्या दोन जागा पुन्हा लाल दिसल्या तर पुढची भूल सहा महिन्यांच्या आत ठरवा, आणि तेव्हा प्रोबिंगचे आकडे आजच्या तक्त्याशेजारीच लिहा.